लाभ, दोन रे दोन

सौंसरच्या तहसील कचेरीत माझे वडील पुकारा करायला होते. आत साहेबांसमोर प्रकरण निघालं की बाबा व्हरांड्यात यायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि पक्षकाराचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट आभाळात सोडायचे. ‘गणपत वल्द शिवराम, हाजिर होऽऽ!’ तीनदा पुकारायचं असा नियम होता, पण बाबांवर तिसऱ्यांदा पुकारायची पाळी क्वचितच आली. बसस्टँडवर छिंदवाड्याच्या गाडीत चढलेला माणूस खाली उडी मारून कचेरीकडे पळत आलेला मी स्वतः पाहिला आहे. गावात लोक म्हणत, देवराव पुकारू लागला की ज्याची केस नाही तोही एकदा खिसे चाचपून पाहतो. घरी मात्र बाबांचा आवाज अगदी साधा असे. कचेरीतला आवाज कचेरीत ठेवून यायचा, असा त्यांचा हिशेब होता.

अशा माणसाचा मी थोरला मुलगा, आणि मला चारचौघांत स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं.

मी मुका नव्हतो, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. मायशी मी भरपूर बोलायचो. बुद्धविहारात सगळ्यांसोबत त्रिसरण-पंचशील खणखणीत म्हणायचो. पाढे तर मला औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, येत होते. पाठ असलेलं म्हणायचं असलं की घसा मोकळा, स्वतःचं बोलायचं असलं की बंद, असा तो प्रकार होता. परका माणूस समोर आला, त्याने काही विचारलं आणि आजूबाजूचे माझ्याकडे पाहू लागले की आधी कान तापायचे, मग तळहात ओले व्हायचे आणि शेवटी उत्तर तोंडापर्यंत येऊन परत जायचं. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असे. त्यामुळे अधिकच वाईट वाटे.

शाळेत हे चालून गेलं, कारण शाळा मराठी होती आणि मास्तर गल्लीतले होते. कॉलेज हिंदीत होतं. पहिल्याच आठवड्यात रसायनाच्या सरांनी मला उभं केलं आणि विचारलं, ‘‘तुम क्या कर रहे हो?’’ मी घाबरून म्हणालो, ‘‘सर, मैं लिखून राहिलो.’’ वर्ग हसला. त्याचं काही नाही, हसण्यासारखंच होतं ते. पण सरही हसले, आणि त्या दिवसापासून माझं नाव ‘राहिलो’ पडलं. ‘‘ए राहिलो, डबा आणला का बे?’’ ‘‘राहिलो, तुझी सायकल पंक्चर आहे.’’ मी ठरवलं, आता या इमारतीत तोंड उघडायचं नाही. ठरवणं सोपं होतं. नंतर उघडायचं म्हटलं तरी उघडेना.

माझी धाकटी मुलगी आता कॉलेजात आहे. ती म्हणते, बाबा, याला सोशल अँग्झायटी म्हणतात, आमच्या कॉलेजात यासाठी एक मॅडम बसतात, त्यांच्याकडे वेळ घेऊन जायचं. बरं आहे. आमच्या वेळी यासाठी ‘घुम्या’ हा एकच शब्द होता, आणि वेळ न घेता कोणीही येऊन उपचार करून जात असे.

हजेरीचीही अडचण होती. ‘यस सर’ हे दोन शब्द मला म्हणता येत नसत. माझा मित्र सुधाकर लोधीखेड्याहून बसने यायचा आणि माझ्या शेजारी बसायचा. तो आधी स्वतःच्या आवाजात ‘यस सर’ म्हणे आणि माझा नंबर आला की मान खाली घालून थोड्या घोगऱ्या आवाजात माझ्यासाठी म्हणे. काम चोख होतं. फक्त लोधीखेड्याची बस वाटेत बंद पडली की इकडे सौंसरात, पहिल्या बाकावर बसूनही, मी गैरहजर.

लेखी परीक्षेत काही भीती नव्हती. कागद माझ्याकडे पाहून हसत नसे. पण बी.एस्सी.ला प्रात्यक्षिक वेगळं पास व्हावं लागे आणि त्यात तोंडी परीक्षा होती. पहिल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला पहिला प्रश्न विचारला, ‘‘नाम?’’ मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं. मग प्रेमाने विचारलं. मग म्हणाले, ‘‘अच्छा, लिखकर बता दो.’’ मी लिहिलं, पण ओल्या तळहाताने शाई इतकी फासली गेली की ते त्यांना वाचता आलं नाही. निकाल लागला तेव्हा लेखीत मी वर्गात दुसरा होतो आणि प्रात्यक्षिकात नापास. म्हणजे एकूण नापास. सुधाकर पुढच्या वर्गात गेला आणि मी त्याच बाकावर राहिलो. नाव सार्थ झालं.

घरात निकाल कळला तेव्हा माय चुलीपुढे भाकरी थापत होती. तव्यावरची भाकर करपली, तेव्हा ती तिने उतरवली. मग म्हणाली, ‘‘सारं येते अन् सांगता येत नाही, हे कसं काय बाप्पा? पोटात आहे तं तोंडात कायले येत नाही?’’

बाबा म्हणाले, ‘‘सवय नाही त्याले. मी करतो सवय.’’

बाबांचा उपाय असा. रोज सकाळी अंगणात उभं राहून ते कचेरीतल्या आवाजात पुकारणार, ‘‘मधुकर वल्द देवराव, हाजिर होऽऽ!’’ आणि मी घरातून तितक्याच मोठ्याने ‘‘हाजिर!’’ म्हणून बाहेर यायचं. पहिल्या दिवशी बाबांनी पुकारलं आणि समोरच्या घरातले तिघे, दूधवाला आणि एक कुत्रा असे सगळे अंगणात हजर झाले. मीही झालो, पण पायांनी, तोंडाने नाही. बाबा म्हणाले, ‘‘पाय नको आणू, आवाज आण.’’ पावसाळा संपेपर्यंत हे चाललं. कुत्रा सुधारला. तो बाबांच्या आवाजाला बरोबर उत्तर देऊ लागला.

मायचा उपाय स्वयंपाकघरातला होता. ती परीक्षक व्हायची. तिला भौतिकशास्त्र येत नव्हतं, पण प्रश्न विचारायला ते लागत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. माझ्या वहीवर बोट ठेवून ती म्हणायची, ‘‘हे काय होय? सांग. अन् सांगता सांगता ह्या शेंगा सोल.’’ मी तुरीचे हिरवे सोले सोलत तिला लंबकाचं आंदोलन समजावून सांगायचो. ती मध्येच विचारायची, ‘‘मंग तो थांबते कायले?’’ मी सांगायचो, हवेमुळे. ती म्हणायची, ‘‘बरोबर आहे. पास.’’ मायकडे मी वर्षभर पास होत गेलो. पण माय म्हणजे माय. ती परकी कशी होणार?

शेजारच्या गोदामावशींना हे भूत-वाऱ्याचं काम वाटत होतं. त्या मायला म्हणाल्या, ‘‘माह्यं ऐक, जामसांवलीच्या मारुतीले ने त्याले. शनिवारी मी जाऊनच राहिली.’’ माय काही म्हणायच्या आत बाबा ओट्यावरून म्हणाले, ‘‘गोदाबाई, हा विहारात पंचशील म्हणते मोठ्यानं. भूत असतं तं त्यानंही एवढ्यात शीलं घेतली असती.’’ मावशी हसल्या, पण ऐकल्या नाहीत. माझ्याऐवजी स्वतःच जाऊन नवस बोलून आल्या आणि पेढे आणले. आम्ही विहारात जाणारी माणसं, पण मावशींचं मन मोडवेना. पेढे चांगले होते.

बाबांनी शेवटी एक दिवस सरळ सांगितलं, ‘‘पुढच्या बारीले नाही झालं तं कॉलेज बंद. तिसऱ्यांदा फी भराची ताकद नाही आपली. मामाच्या ढिगावर बस. तिथं बोलाचं काम नाही, मोजाचं आहे.’’ ते रागावून बोलले नव्हते, म्हणूनच मला भीती वाटली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला होतो, आणि घरी आलेल्या प्रत्येकाला माय हे पाण्याच्या ग्लासासोबतच सांगत असे.

मामा पांढुर्ण्याला संत्री मोजायचा. सीताराममामा म्हणजे मायचा भाऊ. बागांमधून संत्र्याच्या गाड्या यायच्या, शेडमध्ये ढीग पडायचे, आणि व्यापारी आणि बागवाला दोघांच्या समोर मामा ढीग मोजून द्यायचा. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो. पांढुर्ण्याच्या त्या शेडचा वास अजून मला येतो. गवताचा, फळ्यांच्या खोक्यांचा, आणि कुठेतरी दबून फुटलेल्या एका संत्र्याचा. मामी सकाळी अंबाडीची भाजी आणि भाकर बांधून द्यायची. तोंडी लावायला संत्री, पाहिजे तितकी.

मोजण्याची रीत अशी होती. एका हातात तीन, दुसऱ्या हातात दोन, अशी पाच संत्री उचलून पलीकडे टाकायची आणि टाकताना आकडा पुकारायचा. वीस वेळा टाकली की शेकडा. एक शेकडा झाला की खूण म्हणून एक संत्रं बाजूला. आकडा पुकारताना ‘एक’ म्हणायचं नाही. मालाची सुरुवात एकट्या एकाने करत नाहीत. पहिला आकडा ‘लाभ’. मग दोन, मग तीन. ‘लाऽऽभ, लाभ रे लाभ! दोन रे दोन! तीन रे तीन!’ आणि विसाव्याला ‘वीस, शेकडा झालाऽ!’ मामा हे चालीवर म्हणायचा. अख्खी शेड त्या चालीवर हलत असे.

आणि एक कडक नियम होता. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही. कोणी बोललं तर मोजणारा तोंडाने उत्तर देत नसे, हाताचा तळवा समोर धरायचा. म्हणजे थांबा. मोज तुटली तर अख्खा ढीग पुन्हा मोजावा लागे, म्हणून तळवा दिसला की बागवाला असो की व्यापारी, जागच्या जागी थांबायचा. एकदा ठाण्याचे दरोगासाहेब काही विचारायला आले होते. मामाने त्यांना तळवा दाखवला. साहेब शेकडा पुरा होईपर्यंत टोपी हातात घेऊन उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी मामाच्या जोडीदाराला ताप आला आणि मामा म्हणाला, ‘‘बस बे मधू.’’ मी बसलो, पाच संत्री उचलली, आणि माझ्या तोंडून असा ‘लाऽऽभ’ निघाला की खोके ठोकणाऱ्याची हातोडी थांबली. समोर सगळी परकी माणसं होती. सगळी माझ्याकडेच पाहत होती. पण त्यांच्यापैकी कोणालाही मला काही विचारायची परवानगी नव्हती. मामा मांडीवर थाप मारून म्हणाला, ‘‘अबे, हा तं देवरावजीचाच पोट्टा निंगाला!’’

मामाने हे सौंसरला येऊन बाबांना सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘सीताराम, तो मोजून राहिला. बोलून नाही राहिला.’’ हिशेब बरोबर होता. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी पांढुर्ण्याला जात राहिलो. ढिगावर गर्जत असे आणि सौंसरच्या बसमध्ये कंडक्टरला तिकीट मागताना पुन्हा घुम्या होत असे.

फेब्रुवारीत परीक्षा आली. या वेळचे परीक्षक दूरच्या गावाहून आलेले, किडकिडीत, हातविणीचा स्वेटर घातलेले गृहस्थ होते. ते अत्यंत हळू बोलत. ओरडणाऱ्या माणसापेक्षा हे वाईट, कारण त्यांचा प्रश्न ऐकायला सगळी प्रयोगशाळा आपोआप गप्प व्हायची. मला चिठ्ठीत लोखंडी दांड्याचा लंबक निघाला. दांडा वेगवेगळ्या भोकांत टांगायचा, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं. मोजायचाच प्रयोग, म्हणून मला जरा धीर आला. सकाळीच मी ते घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. दांडा टांगला, ओढून सोडला, घड्याळाचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी माझ्या कानाशी हळू आवाज आला, ‘‘नाम?’’

कान तापले. तळहात ओले झाले. नाव तोंडापर्यंत आलं आणि परत निघालं. पण दांडा डोलत होता, बोट घड्याळावर होतं, आणि कोणीतरी मोज तोडायला आलं होतं. माझा डावा तळवा आपोआप वर गेला आणि परीक्षकांच्या नाकासमोर थांबला. तोंडातून निघालं:

‘‘लाऽऽभ, लाभ रे लाभ!’’

प्रयोगशाळेतल्या कोणाच्या तरी हातून काचेचं काहीतरी पडलं. मी थांबू शकत नव्हतो. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं. ‘‘दोन रे दोन! तीन रे तीन!’’ आमचे भौतिकशास्त्राचे सर दुरून हातवारे करत होते. खिडकीबाहेर सुधाकर माझ्यासाठी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. ‘‘वीस, शेकडा झालाऽ!’’ मी बटण दाबलं, आकडा लिहिला, आणि सवयीने हात खुणेचं संत्रं शोधू लागला. ते नव्हतं, म्हणून मी खडूचा तुकडा बाजूला ठेवला.

परीक्षक त्या तळव्यापुढे अगदी दरोगासाहेबांसारखे उभे होते. ते म्हणाले, ‘‘हो गया? नहीं? तो पूरा कीजिए.’’ आणि स्टूल ओढून बसले. मग मी प्रत्येक भोकाला लाभापासून विसापर्यंत पुकारत गेलो. त्या दिवशी बाकीच्या मुलांनी काय मोजलं असेल याची मला कल्पना नाही. माझ्या बाजूचा तर पुढे सांगत असे की त्याच्या उत्तरात संत्र्याचा वास होता.

उत्तर आलं एक हजार पंच्याऐंशी. यायला पाहिजे, सेंटिमीटरच्या हिशेबात, नऊशे ऐंशीच्या आसपास. अशा वेळी आमच्याकडे मुलं मागचे आकडे थोडे इकडेतिकडे सरकवून उत्तर जागेवर आणायची. मला ते जमत नव्हतं. यात सद्गुणाचा भाग नाही. कारण नसताना आकडा हलला की मला जेवण जात नाही, एवढंच.

परीक्षकांनी पाहिलं. हळूच म्हणाले, ‘‘सौंसर में चीज़ें इतनी जोर से गिरती हैं?’’ सगळे हसले. मी मान खाली घातली. त्यांनाही बहुधा दया आली. ‘‘कोई बात नहीं. घड़ी सुस्त होगी. लिख देते हैं, घड़ी का दोष.’’ आणि वही मिटून ते पुढच्या टेबलाकडे वळले. आमच्या सरांनी मला खुणेनं सांगितलं, सुटलास, गप्प राहा. गप्प राहण्यात माझ्याइतका तयार मुलगा त्या कॉलेजात दुसरा नव्हता.

पण घड्याळ सुस्त नव्हतं. मी सकाळीच ताडलं होतं. आणि चुकीच्या आकड्याला चुकीचं कारण, म्हणजे दोन चुका. मी बाजूला ठेवलेल्या खडूच्या तुकड्यांकडे पाहत होतो आणि एकाएकी मला ढीग दिसला. पाच संत्री पलीकडे पडतात, तेव्हा आपण लाभ म्हणतो. पडायच्या आधी नाही.

‘‘घड़ी बराबर है, सर.’’

हे कोण बोललं, म्हणून मीही वळून पाहिलं.

परीक्षक परत आले. ‘‘तो?’’

‘‘लाभ चुका, सर. ढिगावर पाँच संत्री गिरती हैं, तब लाभ बोलते. इधर मैं बटण दबाते दबातेच लाभ बोल गया. तब लंबक एक बार भी डोला नहीं था. मैं वीस बोला, तब उसके एकोणीसच हुए थे. सब भोकों में यही हुआ.’’

‘‘फिर सही उत्तर?’’

‘‘वीसला एकोणीस, सर. दोनों का वर्ग. चारशेला तीनशे एकसष्ट. उतने से उत्तर कम करा.’’ आणि पेन्सिल न लावता मी सांगितलं, ‘‘नऊशे एकोणऐंशी.’’

त्यांनी स्वतः मांडून पाहिलं. मग वही उघडी ठेवूनच विचारलं की लंबक फार ओढून का सोडायचा नाही. मी सांगितलं. विचारलं, थांबतो कशाने. हे मी शेंगा सोलताना इतक्या वेळा सांगितलं होतं की चुकणं शक्यच नव्हतं. ‘‘हवा उसको अडवून राहिली, सर,’’ मी म्हणालो. मागून कोणीतरी ‘राहिलो!’ म्हणून ओरडलं, आणि वर्ग पहिल्या वर्षीसारखाच हसला. मला ते ऐकू आलं. कानही तापले. पण परीक्षक पुढच्या उत्तराची वाट पाहत होते, म्हणून हसू थांबायची वाट न पाहता मी बोलत गेलो. इतकीच गोष्ट, पण ती मला तोवर सुचली नव्हती.

शेवटी ते म्हणाले, ‘‘अब तो नाम बता दीजिए.’’

‘‘मधुकर वल्द देवराऽऽव!’’

‘‘इतने जोर से नहीं,’’ ते कानावर हात ठेवत म्हणाले.

माझी भित्री सवय त्या दिवशी संपली असं मी लिहिलं तर तो आकडा सरकवणं होईल. नोकरीतून निवृत्त व्हायची वेळ आली तरी आजही बँकेत खिडकीपुढे उभं राहायच्या आधी मी वाक्य मनात दोनदा म्हणून घेतो. लग्नकार्यात कोणी ‘चार शब्द बोला’ म्हणालं की मी हात धुवायला जातो. फरक एवढाच की शब्द परत गेले तरी ते पुन्हा येतात, हे आता मला माहीत आहे.

आमच्या सरांनी व्हरांड्यात येऊन पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘निकल गया तू.’’ मी सायकल घेऊन थेट तहसील कचेरीत गेलो. आवारात बाजारासारखी गर्दी होती. लिंबाखाली अर्ज लिहिणारे, टोप्या मांडीवर ठेवून बसलेले शेतकरी, चहाचे ग्लास. बाबा व्हरांड्यात उभे होते. त्यांनी मला फाटकातून आत येताना पाहिलं. छाती भरून श्वास घेतला आणि भर कचेरीत, कामाच्या वेळी, कामाच्या आवाजात पुकारलं:

‘‘मधुकर वल्द देवराऽऽव, हाजिर होऽऽ!’’

गर्दी इकडेतिकडे पाहू लागली. मी फाटकातच थांबलो, सायकल धरून.

‘‘हाजिऽऽर!’’

लिंबावरचे कावळे उडाले. आतून तहसीलदारसाहेब चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. हातातले कागद उलटसुलट करत म्हणाले, ‘‘देवराव, ये कौन-सा केस है? मेरी लिस्ट में तो नहीं है.’’

बाबांनी टोपी नीट केली. मग घरातल्या साध्या आवाजात म्हणाले, ‘‘पुराना है, साहब. आज फैसला हो गया.’’